सुरुवात गेटच्या आतून नको, घरातून कर

प्रश्न असा आला आहे: ‘मॅडम, मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीला राहतो. मोठा भाऊ नौदलात आहे, सध्या पोस्टिंग मुंबईतच. सैनिकांच्या रोजच्या जगण्यावर छायाचित्रांची मालिका करायची आहे. बातमीतल्यासारखे फोटो नकोत, भरतीच्या जाहिरातीसारखेही नकोत. परवानगी कशी मिळवू? कॅमेरा कोणता वापरू? ब्लॅक अँड व्हाइट करू का? आणि हे मांडायचं कुठे?’

चार प्रश्न विचारलेस, पण माझं उत्तर पहिल्यावरच रेंगाळणार आहे. कारण बाकीचं शिकता येतं. परवानगीची गोष्ट मात्र उलट्या टोकाने धरली की पाचसहा वर्षं वाया जातात. माझी गेली.

‘परवानगी’ म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर लायन गेट असणार. शहीद भगतसिंग रोडवरचा तो दरवाजा, आत गोदी, गोदीत राखाडी जहाजं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवून आपण आत. मीही असंच चित्र रंगवलं होतं. वीसबावीस वर्षांपूर्वी बऱ्याच खटपटीनंतर मला एका तुकडीत एक दिवस फोटो काढायला मिळाले. तुकडीचं नाव नको. सकाळी सातला पोहोचले तर बारा जवान कडक इस्त्रीत, उंचीप्रमाणे ओळीने उभे. सोबतचे अधिकारी मोठ्या आपुलकीने म्हणाले, ‘सांगा मॅडम, यांच्याकडून काय करून घ्यायचं?’ मी म्हटलं, रोज चहा पितात तसा पिऊ दे. बाराही जणांनी एकदम मग उचलून तोंडाला लावले. दिवसभरात मी नऊ रोल संपवले. रात्री कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकत्र छापलेले कागद, पाहिल्या तर जिकडेतिकडे खांदे मागे, हनुवटी वर आणि नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. ओळखपत्राचे फोटो काढून आणले होते मी, तेही महागड्या फिल्मवर.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वरून परवानगी आली होती, खाली मर्जी कुणी विचारलीच नव्हती. ‘मॅडमना सहकार्य करा’ हे साहेबांचं वाक्य आपल्या कानाला विनंती वाटतं, जवानाच्या कानाला तो हुकूम असतो. तो बसतो, हसतो, सांगशील तिकडे बघतो. पण शरीर खोटं बोलत नाही. हुकुमावरून बसलेला माणूस फोटोतही हुकुमावरूनच बसलेला दिसतो.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. ज्या जागी माणसाला ‘आज नको’ म्हणायची सोय आहे, त्याच जागी त्याचा फोटो काढायचा. त्याच्या घरी, सुट्टीत गावाकडे, गाडीची वाट बघताना, निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या नोकरीवर. नायक हुद्द्यावरच्या एका जवानाने मला सलग तीन रविवार परत पाठवलं होतं. एकदा पाहुणे आले होते, एकदा डोकं दुखत होतं, एकदा नुसतंच ‘नको वाटतंय’. चौथ्या रविवारी त्याने आपणहून फोन केला. त्या दिवशीचे फोटो आजही माझ्या पहिल्या दहांत आहेत.

तुला तर बाहेर शोधायचीही गरज नाही. डोंबिवलीतलं तुझं घर आहे, भाऊ आहे, आणि तो तुला बिनदिक्कत ‘चल, निघ इथून’ म्हणू शकतो. याहून चांगली परवानगी कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

घरात काय मिळतं ते एका फोटोवरून सांगते. बदलापूरला भाड्याच्या घरात राहणारा एक नाविक होता, सव्वीस जानेवारीची आदली रात्र होती. जमिनीवर दुहेरी घडीची चादर अंथरून तो पांढरा शर्ट इस्त्री करत होता. वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडायचं, इस्त्री फिरवायची, बाही उचलून दिव्यासमोर धरायची. शेजारी वर्तमानपत्रावर ब्रासो पॉलिशने घासलेलं पट्ट्याचं बक्कल, त्याचा तो नाकात बसणारा वास, आणि ‘हात नाही लावायचा’ असं दहादा बजावूनही बक्कलात स्वतःचं तोंड बघणारी चार वर्षांची मुलगी. इस्त्री झाल्यावर त्याने शर्ट घालून पाहिला. कमरेच्या वर नौदल, खाली चौकड्यांची लुंगी. कपाटाच्या आरशासमोर शेवटचं बटण लावलं आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. ते बटण लागायच्या आधीचा एक फोटो आणि नंतरचा एक, असे दोनच फोटो मी त्या रात्रीतले ठेवले. पूर्ण वर्दीतले फोटो त्याच्याकडे पुष्कळ होते, पासिंग आउटपासूनचे, म्हणजे प्रशिक्षण संपल्याच्या संचलनापासूनचे. अर्ध्या वर्दीतला एकही नव्हता.

रोजचं जगणं म्हणजे काय, हे या क्षेत्रात नीट समजून घे. सैन्याच्या फोटोंत जे दिसतं, म्हणजे संचलन, सलामी, कवायती, ते वर्षातले मोजके दिवस असतात. उरलेल्या दिवसांत पहाटेची पीटी, फॉलइन म्हणजे ओळीत उभं राहणं, मेसमधली जेवणाची रांग, ड्यूटी, रोलकॉलची हजेरी आणि वाट बघणं. रजेची वाट, गाडीची वाट, बदलीच्या कागदाची वाट. वाट बघण्याचा फोटो काढणं फार अवघड, कारण त्यात काही घडतच नाही. आणि नेमकं त्यासाठीच कलाछायाचित्रण लागतं. बातमीच्या फोटोग्राफरला काहीतरी घडावं लागतं. आपल्याला लागत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. युद्धाच्या छायाचित्रणाची सुरुवातच अशी झाली, तीही नाइलाजाने. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, दारूच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घोडागाडीत डार्करूम थाटून. तेव्हाच्या काचेच्या प्लेटींना काही सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे उजेड पडू देण्याचा वेळ, लागायचं, त्यामुळे पळणारा माणूस प्लेटीवर उमटायचाच नाही. मिळाल्या त्या छावण्या, तंबूबाहेर टेकलेले सैनिक, तोफांचे गोळे विखुरलेली रिकामी दरी. पुढे १९४२ मध्ये एडवर्ड स्टायकेन, वयाची साठी उलटलेला, अमेरिकी नौदलात दाखल झाला आणि त्याने छायाचित्रकारांची एक तुकडी उभी केली. त्याचा आग्रह माणसांचे फोटो काढण्यावर होता. विमानं आणि जहाजं जुनी होतात हे त्याला कळत होतं. २००७-०८ मध्ये टिम हेदरिंग्टन या छायाचित्रकाराने अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यात अमेरिकी सैनिकांचे झोपेतले फोटो काढले. दिवसभर गोळीबारात असलेली ती पोरं झोपेत शाळकरी दिसतात. बाजूला बंदूक नाही, अंगावर चिलखत नाही, कुशीवर वळलेला एक मुलगा, बस. २०११ मध्ये लिबियात मिसराता इथे हेदरिंग्टन मारला गेला. हे फोटो शोधून बघ. पण तसे काढायला जाऊ नकोस. झोपलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि इतकी जवळीक त्याने त्या तुकडीबरोबर महिनोन्महिने राहून कमावली होती.

आपल्या शहरातलं एक उदाहरण मला सतत आठवतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत, ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात नाविकांचा उठाव सुरू झाला. कारणं खोलवरची होती, राजकीय होती, वागणुकीची होती, पण ठिणगी पडली जेवणावरून. नाविकांनी जेवायला नकार दिला. पुढच्या दिवसांतल्या गर्दीचे, रस्त्यांवरचे फोटो पाहायला मिळतात. ज्या ताटावरून सगळं पेटलं ते ताट मला कुठल्याच फोटोत सापडलेलं नाही. मेसमधलं ताट हा फोटोचा विषय आहे असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

आता माझ्या घरातली गोष्ट. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावला भरती, सतरा वर्षं नोकरी, हवालदार म्हणून निवृत्त, आणि पुढची वीसेक वर्षं फोर्टात एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे. मुंबईत सैनिकांचं रोजचं जगणं शोधत असशील तर आधी बँकांच्या दारात बघ. ऐन चाळिशीत वर्दी उतरवून दुसरी वर्दी चढवलेली ही माणसं शहरभर आहेत, आणि आपण त्यांना ‘वॉचमन’ म्हणून पुढे जातो. वडील लोकलमध्ये कधी दांडी धरायचे नाहीत. पाय फाकून, हात मागे बांधून, विश्रामच्या पोझिशनमध्ये भायखळ्यापर्यंत. गाडी कितीही हलू दे, ते हलायचे नाहीत. तो फोटो मी काढला नाही. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा होता, पण वडील हा विषय आहे हे कळायची अक्कल नव्हती.

ते गेल्यावर लालबागच्या खोलीत पलंगाखालची त्यांची काळी ट्रंक ओढून काढली. फौजीच्या घरात ही ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव. समोरून बघितलं तर ‘हवालदार’ एवढंच दिसायचं. दुपारी चारनंतर चाळीच्या गॅलरीकडून तिरपं ऊन आलं आणि अक्षरांखाली अक्षरं दिसायला लागली. ‘हवालदार’च्या खाली ‘नायक’चा फुगवटा, त्याच्या खाली आणखी काहीतरी खरवडलेलं. प्रत्येक बढतीला जुना हुद्दा काळ्या रंगाने पुसून नवा लिहिलेला. आत पापडांचे डबे, दिवाळीची तोरणं आणि आईची गोधडी. त्या झाकणाचा फोटो काढायला मला चार दुपारी लागल्या, कारण तसं ऊन जेमतेम दहा मिनिटं टिकायचं. माझ्या मालिकेची सुरुवात त्या फोटोने होते, आणि त्यात माणूसच नाही.

वस्तूंकडे बघ, असं म्हणूनच सांगते. पत्रांचे जुने लिफाफे असतील तर तेही बघ. नाव, नंबर, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपालघर. नौदलाचं असेल तर ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. पत्ता पूर्ण, पण माणूस कुठल्या गावात, कुठल्या समुद्रात ते नाही. आमच्या आईने कित्येक वर्षं अशा पत्त्यावर पत्रं लिहिली. वडील कुठे होते हे तिला पुष्कळदा ते घरी आल्यावर कळायचं.

यावरून कायद्याकडे येते. या भागात हयगय चालणार नाही. ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. संरक्षण खात्याच्या ज्या जागा त्या कायद्याखाली प्रतिबंधित आहेत, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, ‘जरा बाहेरून’सुद्धा नाही. कुलाब्याच्या, मालाड-मार्वेच्या बाजूला भिंतीवर पाटी दिसली की लेन्सवर झाकण. ड्रोनचा विचारही करू नकोस. आत जायचंच असेल तर संरक्षण मंत्रालयाचं जनसंपर्क कार्यालय मुंबईत आहे. कॉलेजच्या पत्रासह लेखी अर्ज कर, नेमकं काय हवं ते लिही, आणि उत्तराची वाट बघत घरातलं काम चालू ठेव. आत गेलास तर सोबत कुणीतरी असेल, काढलेले फोटो बघितले जातील, काही पुसायला सांगतील. निमूट पुसायचे. पण भावाच्या ओळखीने, स्कूटरवर मागे बसून आत शिरण्याचा प्रयत्न अजिबात करू नकोस. तुझं कॉलेज बुडेल, त्याची नोकरी जाईल.

भावाच्या बाजूनेही विचार कर. सेवेत असलेल्या माणसाला सेवेबद्दल काही प्रसिद्ध करायचं तर वरची संमती लागते. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीचं प्रकरण उघडकीला आल्यावर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला लावली, त्यात फेसबुक, इन्स्टाग्रामही होतं. तेव्हा ‘दादा, तुझा फोटो टाकलाय, शेअर कर’ हा प्रकार बंद. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात, ते आधी काढून टाक. २०१८ मध्ये स्ट्रावा नावाच्या, धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या रेघांवरून परदेशांतले लष्करी तळ दिसून आले होते. सकाळी पळायला जाण्याइतकी साधी गोष्ट होती ती.

आणि पार्श्वभूमी. आपण चेहरा बघतो, जाणकार मागची भिंत बघतो. नौदलातल्या माणसाच्या शोकेसमध्ये जहाजांची बोधचिन्हं, स्मृतिचिन्हं, मगवरचे शिक्के मांडलेले असतात. दाराजवळच्या खिळ्याला पास लटकत असतो. मी प्रत्येक प्रदर्शनाआधी सगळे प्रिंट आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारकाकांना दाखवते. ते कलेवर अवाक्षर काढत नाहीत. भिंग घेऊन कोपरे बघतात. एकदा त्यांनी माझा सगळ्यात लाडका फोटो बाजूला काढला. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी नाविकाची बायको, खिडकीतून येणारा पावसाळी उजेड, सगळं जमून आलेलं. काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं. एका तारखेभोवती लाल पेनाने गोल, आणि आत बारीक अक्षरात ‘येणार’.

जहाज परत यायची तारीख. मी तो फोटो निदान दोनशे वेळा बघितला असेल, तो गोल मला दिसला नव्हता. फोटो दोन वर्षं कपाटात ठेवला. कॅलेंडर जुनं झाल्यावर, त्या वहिनींना आणि त्यांच्या नवऱ्याला पुन्हा विचारून, मग भिंतीवर लावला. आता लोक त्याच फोटोपुढे सगळ्यात जास्त वेळ थांबतात, आणि थांबतात ते त्या लाल गोलाकडे बघत. कॉम्प्युटरवर तो पुसून तेव्हाच लावता आला असता. नाही लावला, बरं झालं.

वर्दीबद्दल एक सक्त सूचना. मित्राला वर्दी घालून, मॉडेल म्हणून उभं करून ‘सैनिकाचा फोटो’ काढू नकोस. सैनिक असल्याचं भासवण्याच्या हेतूने त्याचा पोशाख करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुझा हेतू तसा नसला तरी चौकशीला तोंड देत बसशील. लष्कराने २०२२ मध्ये आणलेला नवा लढाऊ पोशाख तर खुल्या बाजारात विकायलाच मनाई आहे. पण कायदा राहू दे बाजूला, मला मुळात त्या नाटकाचाच कंटाळा येतो. भाड्याची वर्दी अंगावर कशी बसते ते एका नजरेत कळतं. खरी वर्दी कोपराला चकाकते, कॉलरला विरते, खिशाच्या कडेला पेनाचा डाग असतो.

आता कॅमेरा. तुझ्याकडे आहे तो चालेल. मी अजूनही जुना यशिका वापरते, वरून खाली मान घालून बघायचा तो. त्याचं कारण फिल्मचा रंग वगैरे नाही. मान खाली घालून काचेत बघणारी बाई समोरच्याला नमस्कार केल्यासारखी दिसते. डोळ्याला कॅमेरा लावला की तोच माणूस निशाण्यावर आल्यासारखा आक्रसतो, आणि सैनिकाला निशाणा म्हणजे काय ते तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं कळतं. डिजिटल असेल तर मागचा स्क्रीन उघडून कमरेजवळ धर. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे मी बोलते जास्त, बटण कमी दाबते. तूही कार्डावर मर्यादा घाल, एका भेटीत चोवीस. खोल्या लहान असतात म्हणून वाइड लेन्स लावशील तर कडेचा हात फणसासारखा दिसेल. त्यापेक्षा ३५ किंवा ५० एमएम घे आणि दारात, जिन्यात, नाहीतर पोटमाळ्यावर जाऊन बस. पोटमाळ्यावरून मी काढलेले फोटो बरे आहेत, फक्त गुडघे वाचव.

नौदलाचा पांढरा गणवेश फसवतो. कॅमेऱ्याचा मीटर जगातल्या प्रत्येक गोष्टीला मधला करडा समजतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरं असलं की शर्ट मळका येतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पण सावळा चेहरा आणि पांढरा शर्ट यांच्यात तीनेक स्टॉपचं अंतर असतं, भर दुपारच्या उन्हात ते कुठल्याच युक्तीने सांधत नाही. चेहरा सांभाळायला गेलास की शर्टाच्या चुण्या, खिसा, शिवण सगळं उडून नुसता पांढरा ठोकळा उरतो. म्हणून माणसाला दाराच्या आत, उंबरठ्यापासून दोन पावलं मागे उभं कर. किंवा जूनपर्यंत थांब. मुंबईच्या पावसाळ्यातला ढगाळ उजेड पांढऱ्या कपड्यासाठी देवाने पाठवलेला आहे, आणि तो फुकट आहे.

ब्लॅक अँड व्हाइट? माझं मत कडवट आहे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये शौर्य आणि गरिबी दोन्ही आयती मिळतात, फोटोग्राफरला काही कमवावं लागत नाही. वर्दीतला माणूस काळा-पांढरा केला की तो लगेच स्मारक होतो. रंगात निळी प्लास्टिकची बादली दिसते, गुलाबी भिंत दिसते, मुलाची हिरवी वॉटरबॅग दिसते, आणि वर्दी त्यांच्यातलीच एक वस्तू होते. तुला रोजचं जगणं हवं आहे ना? मग रंगीत कर. ट्रंकेचा फोटो मात्र मी ब्लॅक अँड व्हाइट केला. ती ट्रंक होतीच काळी-पांढरी.

आणि ‘कला’ म्हणजे धूसर करणं, सूर्यास्तापुढे सलामीची काळी आकृती उभी करणं, मागे झेंडा फडकवणं, हे नव्हे. आईच्या डोळ्यातलं पाणी शोधत फिरणंही नव्हे. एक आरती ओवाळणारा रस्ता, एक कीव करणारा. दोन्हींवर गर्दी आहे. तू एक नियम ठरव आणि वर्षभर तो मोडू नकोस. उदाहरणार्थ, फक्त सुट्टीचा शेवटचा दिवस. बॅग भरणं, लाडवांचा डबा बसवण्यासाठी बूट बाहेर काढणं, गाडीच्या वेळेआधी दोन तास उगाच तयार होऊन बसणं. दहा घरांतला तोच दिवस, तेच अंतर, तसाच उजेड. मालिका अशी उभी राहते. स्टेशनवर जाशील तेव्हा ट्रायपॉड नेऊ नकोस. सीएसएमटीला तो उघडायच्या आत रेल्वे पोलीस येऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

घरातल्या बायकांना मालिकेत कडेला उभं करू नकोस. जहाज सेलिंगला गेलं की गॅस संपण्यापासून मुलाच्या तापापर्यंत सगळं जिच्यावर पडतं, ती त्या नोकरीत निम्मी नोकरी करत असते. तुझ्या वहिनीला विचार, नवरा आल्यावर पहिल्या दोन दिवसांत कशावरून भांडण होतं. मला बहुतेक घरांत एकच उत्तर मिळालं. त्याने डबे हलवले.

संमती मराठीत लिहून घे, अर्ध्या पानात, सोप्या शब्दांत. फोटो कुठे लावणार, विकणार का, नाव लिहिणार का. प्रदर्शनाआधी पुन्हा विचार, कारण एक वर्षात माणसाची बदली होते, हुद्दा बदलतो, मनही बदलतं. कुणी म्हणालं काढून टाक, तर काढून टाकायचा. एक बारकी गोष्ट: कुणी पैसे देऊन तुझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, त्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून मालिकेतल्या घरांकडून मी पैसे घेत नाही. एक चांगला प्रिंट भेट देते, आणि तो आधी देते, प्रदर्शनानंतर नाही.

मांडण्याबद्दल. जहांगीर आर्ट गॅलरीची टेरेस गॅलरी आहे, नरिमन पॉइंटला एनसीपीएची पिरामल गॅलरी खास छायाचित्रांसाठी आहे. तारखा फार आधी मागाव्या लागतात. पण पहिलं प्रदर्शन तिथे करू नकोस. मी पहिले अठरा प्रिंट आमच्या चाळीच्या गॅलरीत, दोरीला चिमटे लावून टांगले होते. समोरच्या खोलीतले एक निवृत्त नायक बराच वेळ बघून म्हणाले, ‘बाकी झकास. पण याचा बिछाना चुकीचा बांधलाय.’ तो फोटो सेवेतल्या माणसाचा होता, बिछाना मी सोडून परत बांधला होता, फ्रेम नीट यावी म्हणून. तेव्हापासून मी कुणाच्या घरातली वस्तू हलवत नाही.

प्रिंट कॉटन रॅग, म्हणजे कापसापासून केलेल्या, कागदावर कर, आवृत्ती पाचसातची ठेव, म्हणजे एका फोटोचे तेवढेच प्रिंट, आणि फ्रेम भिंतीला चिकटवून टांगू नकोस. मागे बूच लावून बोटभर जागा सोड. एका पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलेले माझे चार प्रिंट ऑगस्टपर्यंत बुरशीने ठिपकेदार झाले. लेन्सही सांभाळ. दमटपणा शोषणारं ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जेल दर पंधरा दिवसांनी गरम करून घ्यायचं.

आता कामाला लाग. पहिल्या दोन भेटींत कॅमेरा बॅगेतच राहू दे. भाऊ बूट कुठे काढतो, आल्यावर आधी काय करतो, फोनवर मित्राशी बोलताना त्याचा आवाज कसा बदलतो, एवढंच वहीत लिही. तिसऱ्या भेटीत त्याला विचार. नको म्हणाला तर चहा पिऊन उठ.

पहिला रोल झाला की कॉन्टॅक्ट शीट घेऊन लालबागला ये, आपण बसून बघू. भाऊ सेलिंगला गेला असेल तर तो परतल्यावरच ये. कधी परतणार ते मात्र मला लिहून कळवायचं नाही.